छेदातला दोन

भौतिकशास्त्राच्या वर्गात फळ्यावर एच/२ई लिहायला मला तीन सेकंद लागतात. एच म्हणजे प्लँकचा स्थिरांक, ई म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार. एकवीस वर्षं लिहिते आहे. त्यातला दोन कुठून आला हे सांगायला पाच मिनिटं. सुपरकंडक्टरमध्ये, म्हणजे पुरेसा गार केल्यावर विजेला अजिबात न अडवणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन एकेकटे नाही तर जोडीने वावरतात, म्हणून छेदात ई न येता २ई येतो. मुलं लिहून घेतात, पेपरात बरोबर लिहितात. पण तो दोन मी स्वतः कधी पाहिला नव्हता. गेल्या मे महिन्यात पाहिला, नागपुरात, आमच्याच प्रयोगशाळेत.

विभागाच्या लोखंडी कपाटात स्क्विडचा, म्हणजे सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सुपरकंडक्टर रिंगेचा, एक संच वर्षानुवर्षं खोक्यात पडून होता. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बनवलेला. एक लांब काठीसारखा प्रोब, त्याच्या टोकाला नखापेक्षा लहान चिप, मू-मेटल या चुंबकीय क्षेत्र वळवणाऱ्या मिश्रधातूची नळी, थर्मास आणि वर खुंट्या असलेला नियंत्रणाचा डबा. चिपवर वायबीसीओ या पदार्थाच्या पातळ थराची एक सूक्ष्म रिंग असते आणि त्या रिंगेत दोन ठिकाणी मुद्दाम ठेवलेले कच्चे दुवे, ज्यांना जोसेफसन संधी म्हणतात. यट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग १९८७ साली सापडलं. ते ९३ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होतं, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विनमध्ये काम भागतं. हीलियम लागत नाही. हीलियम लागलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

त्या वर्षी प्रोजेक्टसाठी दोन विद्यार्थी माझ्याकडे आले. एक नागपूरचाच, महालातला. दुसरी काटोलकडच्या खेड्यातली. विषय मी सुचवला, तेव्हा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे बाहेरच्या मोठ्या लॅबमधलं काम आहे नं?" मुलगी काही बोलली नाही, नायट्रोजन किती लिटर लागेल एवढंच तिने विचारलं.

हा प्रश्न तिलाच का सुचला, ते हिंगणा एमआयडीसीत कळलं. एका गॅस पुरवठादाराकडे आम्ही सकाळी आठच्या आत पोहोचलो होतो, कारण अकरानंतर त्या रस्त्यावर डोकं तापतं. दहा लिटरचा ड्यूअर, म्हणजे नायट्रोजनसाठीचा मोठा थर्मास, भरून घेतला. मी सवयीने झाकण दाबायला गेले तर ती म्हणाली, "घट्ट नका लावू मॅडम, वाफेले जागा लागते." तिचे वडील पशुधन पर्यवेक्षक. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात, तो नायट्रोजनचा कॅन तिच्या घरी ती लहान असल्यापासून ओट्याच्या कोपऱ्यात उभा. गाडीच्या चारही काचा तिनेच खाली करायला लावल्या. एक लिटर द्रवाचा जवळपास सातशे लिटर वायू होतो आणि बंद गाडीत तो ऑक्सिजनची जागा घेतो, हे मी पुस्तकातून सांगू शकले असते. तिला ते घरातल्या शिस्तीतून माहीत होतं.

लॅबमध्ये आल्यावर तिने पिशवीतून लाकडाची एक साधी पट्टी काढली. ड्यूअरच्या गळ्यातून सरळ तळापर्यंत घातली, मनात दहा मोजले, बाहेर काढून हवेत दोनदा हलवली. पट्टीच्या खालच्या भागावर पांढरं दव चढत गेलं आणि एका रेषेवर येऊन थांबलं. तिथवर नायट्रोजन. मे महिन्यातली कोरडी हवा, बाहेर ४४ अंश, तरी ती रेघ इतकी स्वच्छ उमटली की मुलाने मोबाइलवर फोटो घेतला. पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच पट्टीने मोजलं.

आता मूळ प्रश्न. सुपरकंडक्टरची रिंग चुंबकीय क्षेत्रात ठेवली, तर तिच्या भोकातून जाणारा फ्लक्स, म्हणजे क्षेत्र गुणिले भोकाचं क्षेत्रफळ, कितीही असू शकत नाही. तो एका ठरावीक मापाच्या पूर्ण पटीतच असतो. ते माप म्हणजेच एच/२ई, २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर. त्याला फ्लक्स क्वांटम म्हणतात. फ्रिट्झ लंडन यांनी १९५० मध्ये हे भाकीत केलं तेव्हा त्यांच्या हिशोबात छेदात एकच ई होता. १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचा सिद्धान्त मांडला. १९६१ साली दोन गटांनी हे माप प्रत्यक्ष मोजलं. अमेरिकेत डीव्हर आणि फेअरबँक यांनी तांब्याच्या तारेवर चढवलेल्या कथिलाच्या नळीत, जर्मनीत डॉल आणि नेबाउअर यांनी क्वार्ट्झच्या धाग्यावर चढवलेल्या शिशाच्या थरात. दोन्ही नळ्या दहा-पंधरा मायक्रॉन व्यासाच्या, केसाहून बारीक. दोन्ही शोधनिबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि दोघांचंही माप लंडनच्या आकड्याच्या निम्मं होतं. जोडी खरी आहे, हे असं दिसलं. वर्गात मी इथे नेहमी थांबते. मला हा सगळा भाग फार आवडतो.

पहिल्या दिवशी आम्ही प्रोब हळूहळू नायट्रोजनमध्ये उतरवला. एकदम बुडवला तर चिपला तडा जाऊ शकतो, म्हणून आधी नुसत्या वाफेत पाच मिनिटं. ऑसिलोस्कोपवर आडवा अक्ष प्रवाहाचा, उभा व्होल्टेजचा. सुरुवातीला उभट तिरपी रेघ. चिप थंड होत गेली तशी रेघ कलंडत गेली, आणि मग एका क्षणी बरोबर मधोमध वाकून आडवी झाली. एवढुसा सपाट तुकडा. प्रवाह चालू आहे आणि व्होल्टेज शून्य. आम्ही तिघं काही बोललो नाही. मी तो आलेख किती वेळा फळ्यावर काढला असेल, पण पडद्यावर ती रेघ स्वतःहून खाली बसताना बघणं ही वेगळी गोष्ट आहे. मुलीने मागे सरून खुर्ची धरली, एवढं आठवतं.

त्या दिवशी पुढे काहीच जमलं नाही. सपाट तुकडा हवा त्याच्या निम्म्यानेही नव्हता. रिंगेजवळच्या छोट्या कॉइलमधून प्रवाह वाढवत नेला की व्होल्टेज लाटेसारखं वरखाली व्हायला हवं. ते वरखाली होत नव्हतं, नुसतं जाड होऊन थरथरत होतं.

थरथरण्याचं कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. नागपुरात मे महिन्यात प्रयोगशाळा म्हटली की खिडकीत मोठा कूलर असणारच. त्याच्या मोटरची ५० हर्ट्झची गुणगुण आमच्या तारांमध्ये शिरत होती. कूलर बंद करायचा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. विभागातले काका दर तासाला दारातून डोकावून विचारायचे, "मॅडम, लावू का आता?" आम्ही तीन दिवस कूलरशिवाय काम केलं. एका टेबलावर ७७ केल्विन, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आमचे घामाने भिजलेले ॲप्रन.

पण रेघ बारीक झाली तरी लाट आली नाही. ते कारण शोधायला जास्त वेळ लागला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे सुमारे चाळीस मायक्रोटेस्ला आहे. वीस मायक्रॉन बाजूच्या चौकोनी भोकाचा हिशोब केला तर नुसत्या पृथ्वीच्या क्षेत्रानेच सात-आठ फ्लक्स क्वांटम त्यातून जातील. म्हणून चिपवर मू-मेटलची नळी घालतात, ती बाहेरचं क्षेत्र स्वतःकडे वळवून घेते. पण नळी वरून उघडी असते. चिप गार होताना जवळपास लहानसं जरी चुंबक असलं तरी थोडा फ्लक्स त्या पातळ थरात अडकून बसतो, आणि मग चिप गार आहे तोवर काही केल्या निघत नाही. वितळलेल्या मेणात कचरा पडावा आणि मेण गोठावं, तसं. आम्ही स्क्रूड्रायव्हर लांब ठेवले, लोखंडी स्टूल काढलं, मुलाने घड्याळ काढलं. फरक नाही. शेवटी माझ्याच लक्षात आलं, की मी प्रोब उतरवायला वाकते तेव्हा ॲप्रनच्या खिशातला मोबाइल थर्मासवर येतो. मोबाइलचं कव्हर पुस्तकासारखं मिटणारं, आणि ते मिटून राहावं म्हणून त्यात चुंबकाची चकती.

अडकलेला फ्लक्स काढायचा उपाय एकच. चिप बाहेर काढायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, पूर्ण कोरडी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून गार करायची. बाहेर काढली की चिपवर आधी बर्फाचं पांढरं पीठ धरतं, मग त्याचं पाणी होतं. तो ओलावा राहिला तर चिप खराब होते. केस वाळवायच्या ड्रायरने, लांबून, हलक्या हाताने वाळवायची. अर्धा-पाऊण तास जातो.

त्या वेळात मुलाने प्रश्न विचारला, आणि माझ्या मते सबंध महिन्यातला तो सर्वात चांगला प्रश्न होता. "मॅडम, कॉइलमधला प्रवाह तर आपण खुंटीने हळूहळू वाढवतो. क्षेत्र सलग वाढतं. मग रिंगेत काहून पूर्ण संख्याच येते?"

नायट्रोजन हाताळायचं म्हणून मुलीने बांगड्या आणि अंगठी काढून टेबलावर ठेवली होती. हातात धातू असेल आणि द्रव त्यावर सांडला तर तो कातडीला चिकटून भाजल्यासारखी जखम होते. मी त्यातली एक बांगडी उचलली. वेलीची नक्षी होती, पान-फूल, पान-फूल. म्हटलं, ही नक्षी सलग फिरत जाऊन सुरुवातीलाच जुळली पाहिजे. पानं बारा बसतील, तेरा बसतील. साडेबारा बसवली तर जोडावर पानाचं अर्धं टोक आणि फुलाचा अर्धा देठ समोरासमोर येईल. सुपरकंडक्टरमधल्या सगळ्या जोड्या मिळून एकच तरंग असतो आणि रिंगेला पूर्ण फेरा घालून आल्यावर त्याची कला (फेज, म्हणजे तरंग चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) जिथून निघाली तिथेच जुळावी लागते. पूर्ण संख्या येते ती इथून. चुंबकीय क्षेत्र स्वतः तुकड्यातुकड्यांनी येत नाही, नक्षीचे फेरे मोजून येतात. माझी वर्गातली मांडणी इतकी वर्षं या ठिकाणी ढिली होती. "फ्लक्सचे तुकडे असतात" असं मी सरळ सांगत आले होते.

आणि सलग वाढणाऱ्या क्षेत्राचं काय? ते रिंग स्वतः भरून काढते. लहानपणी इतवारीत धान्य मापाने घेताना पाहिलेलं मला आठवलं. माप थोडं जास्त भरलं तर दुकानदार वरचं हाताने पुसून टाकतो, थोडं कमी पडलं तर पोत्यातून ओंजळभर घालतो. बाहेरून ०.३ क्वांटम आला तर रिंग स्वतःभोवती प्रवाह खेळवून तो पुसायला बघते. ०.४ आला तर जास्त जोराने पुसते. अर्ध्याच्या पुढे गेला की पुसण्यापेक्षा भरून एक पूर्ण करणं तिला स्वस्त पडतं, म्हणून ती प्रवाह उलट फिरवते. पूर्ण एक झाला की तिला काहीच करावं लागत नाही. मग पुन्हा तेच. स्क्विडच्या व्होल्टेजची लाट म्हणजे रिंगेच्या या धडपडीची नोंद. क्षेत्र सलग वाढत राहतं आणि धडपड दर क्वांटमला नव्याने सुरू होते. कच्च्या दुव्यांमुळे स्क्विड पूर्ण पुसू किंवा भरू शकत नाही, ती कसर कलेच्या हिशोबात जाते. पण फेऱ्यांची मोजणी पक्कीच राहते.

तिसऱ्या दिवशी मोबाइल बाहेर, कूलर बंद, प्रोब उतरवला. सपाट तुकडा पहिल्याच्या दुप्पट. मुलीने खुंटी फिरवली आणि पडद्यावर लाट आली. एक, दोन, तीन, चार, सगळ्या एकसारख्या. दोन शिखरांमधलं अंतर कॉइलच्या प्रवाहात ५८ मायक्रोअँपिअर. पुन्हा घेतलं, ५७. पुन्हा, ५८. एका लाटेमागे रिंगेत बरोबर एक फ्लक्स क्वांटम शिरला, असं धरून कॉइल आणि रिंग यांचं परस्पर प्रवर्तन, म्हणजे कॉइलमधल्या प्रवाहामागे रिंगेत किती फ्लक्स शिरतो ते, सुमारे ३६ पिकोहेन्री येतं.

"असं धरून" हे शब्द मला बोचत होते. लाट दिसली म्हणजे रिंग मोजते हे कळलं. ती एच/२ई मोजते की एच/ई, हे या आलेखावरून कळत नाही, कारण क्वांटमचं माप आपणच पुस्तकातून आणून आत घातलं आहे. तो दोन अजून दिसला नव्हता. संचाच्या सूचनांप्रमाणे प्रयोग इथे संपत होता आणि मुलांचा प्रोजेक्ट यावर आरामात झाला असता. मला इथे थांबणं बरोबर वाटलं नाही.

उत्तर शेजारच्या खोलीत होतं. एम.एस्सी.च्या कुठल्याही प्रयोगशाळेत एक्स-बँडचा मायक्रोवेव्ह बेंच असतो, वेव्हगाइडमधली, म्हणजे मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीतली, तरंगलांबी मोजायला. जोसेफसन संधीवर मायक्रोवेव्ह सोडले, तर तिच्या आलेखात पायऱ्या येतात. शापिरो यांनी १९६३ मध्ये त्या दाखवल्या, म्हणून शापिरो पायऱ्या. प्रत्येक पायरीची उंची म्हणजे वारंवारिता गुणिले एच/२ई. तो एच/२ई हाच फ्लक्स क्वांटम. म्हणजे पायरीची उंची मोजा, वारंवारितेने भागा, की पुस्तकाला हात न लावता माप मिळतं. मायक्रोवेव्ह तयार करणारा गन ऑसिलेटर ९.६ गिगाहर्ट्झवर ठेवला. छेदात दोन असेल तर पायरी १९.९ मायक्रोव्होल्टला, एकच असेल तर ३९.७ ला. यात मधलं काही नाही.

मायक्रोवेव्ह चिपपर्यंत न्यायला दोन दिवस गेले. मू-मेटलमधून ते आत जात नाहीत, म्हणून पातळ कोॲक्सिअल तार प्रोबच्या काठीला बांधून आत सोडली आणि टोकाला तारेचा लहान फासा केला. ताकद जास्त झाली तर सपाट तुकडाच नाहीसा होई, कमी असली तर काहीच दिसत नसे. ताकद कमीजास्त करणारा ॲटेन्युएटर मुलगी फिरवत होती, केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि एका ठिकाणी मधल्या सपाटीच्या वर आणि खाली रेघेला खांदे फुटले. ७७ केल्विनमध्ये पायऱ्या कोरीव येत नाहीत, उष्णतेने घासल्यासारख्या गोल होतात. पण होत्या. वरच्या आणि खालच्या पहिल्या पायरीतलं अंतर मुलाने कर्सर लावून वाचलं, ४१ मायक्रोव्होल्ट. निम्मे २०.५. भागिले ९.६ गिगाहर्ट्झ. कॅल्क्युलेटरवर २.१४ आलं, १० च्या उणे १५ व्या घातात.

खऱ्या मापापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आत. २० मे २०१९ पासून एच आणि ई दोन्ही व्याख्येनेच ठरवले आहेत, त्यामुळे फ्लक्स क्वांटमच्या आकड्यात आता त्रुटी अशी नाहीच. आमच्यात साडेतीन टक्के होती. पण एक आणि दोन यांत दुपटीचा फरक आहे आणि दुपटीसाठी साडेतीन टक्के पुष्कळ झाले. मी वहीत आकडा लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली.

त्याच संध्याकाळी मुलीने टेबलावरची बांगडी पुन्हा हातात घेतली आणि विचारलं, "मॅडम, यातलं एक पान उलटं लावलं तर?"

हा प्रश्न तिला कोणी शिकवला नव्हता. वायबीसीओमधल्या जोड्यांचा तरंग साध्या शिशा-कथिलासारखा सगळ्या दिशांना सारख्या चिन्हाचा नसतो. स्फटिकाच्या एका दिशेला अधिक असतो आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेला उणे. म्हणून या पदार्थांना वेगळ्या जातीचे सुपरकंडक्टर म्हणतात. तीन स्फटिक मुद्दाम अशा कोनांत जोडले की रिंगेच्या फेऱ्यात एकदा चिन्ह उलटतं, म्हणजेच तिचं उलटं पान. मग नक्षी जुळायला अर्धा फेरा जास्त लागतो. १९९४ साली आयबीएममध्ये त्सुई, कर्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रिंगा बनवल्या. चार रिंगांपैकी दोन साध्या सांध्यांवर होत्या आणि एक सांध्यांपासून दूर, या तिन्हींत काही नव्हतं. तिन्ही स्फटिक जिथे भेटतात तिथल्या चौथीत, बाहेरून क्षेत्र न लावता, अर्धा क्वांटम आपोआप उभा होता. आमच्या चिपवर दोन्ही संधी एकाच जातीच्या असल्याने चिन्ह उलटत नाही आणि पूर्ण संख्याच येते.

अर्ध्याची गोष्ट तिथे संपली नाही. २०११ साली अमेरिकेत स्ट्रॉन्शियम रुथेनेटच्या, एक-दोन मायक्रॉन आकाराच्या रिंगा अतिशय नाजूक लवचीक पट्टीच्या टोकाला चिकटवून त्यांच्यावरचं चुंबकीय पिळाचं बल मोजलं गेलं. रिंगेच्या प्रतलातही क्षेत्र लावलं तेव्हा रिंगेच्या चुंबकत्वातल्या पायऱ्या निम्म्या उंचीच्या झाल्या. इथे कारण वेगळं मांडलं गेलं. जोडीतल्या दोघांचे स्पिन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनचं स्वतःचं सूक्ष्म चुंबकत्व, एकाच दिशेला असतील तर फेऱ्याचा अर्धा भाग कलेतून आणि अर्धा स्पिनच्या वळण्यातून भरून निघू शकतो. पण २०१९ मध्ये त्याच पदार्थाच्या अणुकेंद्रीय चुंबकीय मोजमापांनी स्पिनच्या त्या चित्राला मोठा धक्का दिला. त्याच वर्षी बिस्मथ आणि पॅलॅडियमच्या एका संयुगाच्या पातळ रिंगांमध्ये अर्ध्या क्वांटमने सरकलेल्या लाटा सापडल्या. रिंगा खोटं बोलत नाहीत, पण त्या काय म्हणतात याचा अर्थ लावणं अजून चालू आहे, हे मी तिला सांगितलं. डॉल आणि नेबाउअर यांनीही १९६१ मध्ये पिळाचंच बल मोजलं होतं. पन्नास वर्षांनी तीच युक्ती कितीतरी लहान वस्तूवर वापरली गेली, हे सांगताना माझा आवाज जरा भरून आला होता.

तिने प्रोजेक्टच्या अहवालात शेवटच्या पानावर हाताने दोन बांगड्या काढल्या आहेत. एकीत सगळी पानं सरळ. दुसरीत एक उलटं.

संच आता कपाटात जात नाही. चौथ्या सत्राच्या प्रात्यक्षिकांत तो आहे, नायट्रोजन हिंगण्याहून येतो आणि मोजायला तीच लाकडी पट्टी आहे. या वर्षीच्या गटाला पहिल्या दिवशी लाट आली नाही. कूलर त्यांनी स्वतःहून बंद केला होता, मोबाइल बाहेर ठेवले होते. एकीच्या ओळखपत्राच्या पट्ट्याला चुंबकाचं बक्कल होतं. मला ते दारातूनच दिसलं. मी काही बोलले नाही, खुर्ची ओढून बसले. त्यांना चाळीस मिनिटं लागली.